माहेरी आलेली पहिलटकरीण आणि सिझरचा धाक

प्रश्न : आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. माझी लेक पुण्यात नोकरी करते, वय २९. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून गेल्या आठवड्यात तिला घेऊन आलो. आता ३३ आठवडे झालेत. इथल्या खासगी डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. बाळ दोन किलोचं, डोकं खाली आहे. पण गळ्याभोवती नाळेचा एक वेढा आहे आणि बाळाभोवतीचं पाणी ‘आठ, म्हणजे काठावर’ असं सांगितलं. तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. माझी दोन्ही बाळंतपणं इथल्या डफरीन दवाखान्यात झाली, दोन्ही नॉर्मल. थोरल्या सुनेचं मात्र तीन वर्षांपूर्वी सिझर झालं, का झालं ते आजवर नीट कळलं नाही. शेजारी म्हणतात, खासगीत पाऊल टाकलं की सिझरच. जाऊबाईंचं माहेर तेलंगणातल्या करीमनगरचं, त्यांच्याकडे तर नॉर्मल झालेली बाई शोधावी लागते. विहीणबाईंचा फोन आला की करायचंच असेल तर अक्षय्य तृतीयेला करून घ्या. आणि लेक म्हणते, “आई, मला कळा सोसायच्याच नाहीत, सरळ सिझर करू.” उद्या सासरचे म्हणतील, ‘माहेरी धाडली आणि पोट फाडून पाठवली.’ मी काय करू? सिव्हिलला न्यावं, डफरीनला न्यावं की आहे तिथंच राहावं?
– एक आई, सोलापूर

उत्तर :

ताई, आधी तुमची झोप उडवणाऱ्या त्या दोन गोष्टी बाजूला करू.

नाळेचा वेढा. जन्मताना शंभरातल्या वीस-पंचवीस बाळांच्या गळ्याभोवती नाळ असतेच, आणि त्यातली बहुतेक बाळं कुठल्याही त्रासाशिवाय नॉर्मल जन्मतात. पोटातलं बाळ गळ्यातून श्वास घेत नाही, त्याचा प्राणवायू नाळेतूनच येतो. त्यामुळे वेढा म्हणजे फास, ही आपली समजूत चुकीची आहे. शिवाय आज दिसलेला वेढा पुढच्या आठवड्यात सुटलेला असू शकतो, बाळ पोटात फिरत असतं. कळांच्या वेळी नाळ ताणली गेलीच, तर ते बाळाच्या ठोक्यांवरून कळतं आणि तेव्हा काय करायचं ते ठरतं. ‘नाळ गुंडाळली आहे’ एवढ्याच कारणासाठी आधीपासून सिझरची तारीख घ्यायची गरज नसते.

पाणी आठ. पोटाच्या चार भागांतल्या पाण्याची खोली मोजून त्यांची बेरीज करतात, ती साधारण ५ ते २५ सेंटीमीटर असली की ठीक धरतात. पाचच्या खाली गेली की पाणी कमी म्हणतात. आठ म्हणजे लक्ष ठेवायचं, घाबरायचं नाही. आपल्या सोलापुरात मार्चपासूनच ऊन भाजायला लागतं. पुण्याच्या कचेरीतून आलेल्या पोरीला इथं दिवसभर किती पाणी प्यायचं याचा अंदाजच येत नाही. आईच्या शरीरात पाणी कमी पडलं की बाळाभोवतीचं पाणीही थोडं घटतं, आणि आईनं भरपूर पाणी प्यायलं की ते वाढू शकतं. पाणी, ताक, नाचणीचं आंबील, काहीही चालेल. शेंगाचटणी-भाकरी खुशाल खाऊ द्या, मात्र तिच्या हाताशी तांब्या भरलेला असू द्या. पुढच्या सोनोग्राफीत पाणी आणखी उतरलं, बाळाची वाढ मंदावली किंवा नाळेतला रक्तप्रवाह बिघडला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर जे सांगतील ते गांभीर्यानं घ्यायचं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोठी आहे, आणि ती तुमच्या लेकीलाच कळते : बाळाची हालचाल. रोजच्यापेक्षा ती कमी झाली असं तिला वाटलं, तर गोड खाऊन बघू, सकाळपर्यंत थांबू, असं काही करू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. २००५-०६ मध्ये देशात शंभरातली साडेआठ बाळंतपणं सिझरनं होत होती. २०१५-१६ मध्ये हा आकडा १७.२ झाला आणि २०१९-२१ मध्ये २१.५. महाराष्ट्रात २०१५-१६ ते २०१९-२१ मध्ये तो २०.१ वरून २५.४ वर गेला. तुमच्या जाऊबाईंचा अनुभवही बरोबर आहे : तेलंगणात २०१९-२१ मध्ये ६०.७ टक्के, म्हणजे दहातल्या सहा बायकांचं सिझर. तिथल्या खासगी दवाखान्यांत तर ८१.५ टक्के. बिहारमध्ये त्याच वर्षांत हा आकडा दहाच्याही आत होता. बायकांची शरीरं राज्याच्या हद्दीवर बदलत नाहीत. म्हणजे हा फरक शरीरातून आलेला नाही, तो व्यवस्थेतून, पैशातून आणि सवयीतून आला आहे. देशभर धरलं तर सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ साली म्हटलं होतं की १० ते १५ टक्क्यांच्या वर सिझर करण्याला काही आधार नाही. २०१५ मध्ये त्यांनी हेच जास्त नेमकं मांडलं : एखाद्या देशात हे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत वाढतं तोवर आई आणि बाळाचे मृत्यू कमी होताना दिसतात, त्यापुढे वाढलं तरी मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. पण त्याच निवेदनात असंही सांगितलं आहे की विशिष्ट टक्केवारी गाठण्याच्या मागे लागू नका, जिला गरज आहे तिला सिझर मिळालं पाहिजे. हा दुसरा भाग आपल्याकडे कुणी वाचून दाखवत नाही.

आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘आमच्या वेळी सगळ्यांची नॉर्मल झाली’ असं आपण म्हणतो, तेव्हा ज्यांची झाली नाही त्या सांगायला उरल्या नाहीत, हे विसरतो. दोन-दोन दिवस अडून राहिलेल्या, आकडी येऊन गेलेल्या, वार (नाळ जिला जोडलेली असते, बाळाला पोसते ती) आधी सुटून रक्तस्रावानं गेलेल्या बायका तुमच्या-माझ्या आजीच्या पिढीत प्रत्येक वाड्यात होत्या. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू नोंदले गेले, देशात ९७. हे आकडे इतके खाली आले त्यात दवाखान्यातली बाळंतपणं, रक्तपेढ्या, रक्तदाबाची औषधं, प्रतिजैविकं या सगळ्यांचा वाटा आहे, आणि वेळेवर झालेल्या सिझरचाही आहे. त्यामुळे सिझर या शब्दालाच वैरी करू नका. गरज नसताना झालेलं सिझर आणि गरज असताना न मिळालेलं सिझर, दोन्ही बाईवर अन्यायच आहेत.

मग गरज नसताना का होतात? पैसा हे एक कारण आहे, नाही म्हणून चालणार नाही. पण मला त्याहून मोठं कारण दिसतं ते वेळेचं. आपल्याकडचं साधारण प्रसूतिगृह डोळ्यांसमोर आणा. वर डॉक्टरांचं घर, खाली दहा-बारा खाटा. सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशन, संध्याकाळी पुन्हा ओपीडी, आणि रात्री कळा देणारी पहिलटकरीण. हे सगळं एकाच माणसानं बघायचं. भूलतज्ज्ञ बाहेरून येणार, त्यांना तीन ठिकाणी जायचं असणार. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालू शकतात. तेवढा वेळ तिच्याजवळ बसून, दर अर्ध्या तासानं ठोके ऐकत, धीर देत थांबायला शिकलेलं माणूस लागतं. परदेशात अनेक ठिकाणी हे काम प्रशिक्षित सुईणी करतात. आपल्या सरकारनंही २०१८ मध्ये अशा परिचारिका-सुईणी तयार करायचं धोरण आणलं, पण आपल्या गल्लीतल्या प्रसूतिगृहापर्यंत त्या अजून पोचलेल्या नाहीत. मग रात्री दोन वाजता काही बिघडण्यापेक्षा संध्याकाळी सातला, भूलतज्ज्ञ हजर असताना सिझर केलेलं बरं, असा विचार डॉक्टर करतात. त्यात भर म्हणजे बाळाला काही झालं तर काचा फुटतील, कोर्टात खेचतील ही भीती. ती भीती आपणच निर्माण केली आहे. डॉक्टर थांबले आणि बिघडलं तर आपण विचारतो, ‘आधी का नाही केलंत?’ केलं की विचारतो, ‘का केलंत?’

बायकांच्या बाजूनंही काही गोष्टी बदलल्या आहेत. पहिलं बाळ तिशीच्या आसपास होतं. वजन वाढलेलं असतं, दिवसाचे नऊ तास खुर्चीत जातात. गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब वाढला आहे. उपचार घेऊन राहिलेले गर्भ आणि जुळी वाढली आहेत. या सगळ्यांत सिझरची शक्यता वाढते. आणि एक सिझर झालं की पुढचं बहुधा सिझरच होतं, म्हणून पहिल्या वेळचा निर्णय इतका मोलाचा.

तुमच्या लेकीची साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत झाली होती का, ते बघा. राहिली असेल तर आता करून घ्या. साखर वाढलेली असेल तर बाळ प्रमाणाबाहेर मोठं होतं. आणि ताई, माहेरपण म्हणजे रोज तूप, डिंकाचे लाडू आणि दुपारची तीन तास झोप, असं करू नका. सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी उतरल्यावर तिच्याबरोबर चालायला जा. हिमोग्लोबिनही विचारा. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्त कमी असतं, आणि बाळंतपण कोणत्याही वाटेनं झालं तरी रक्त जातंच.

दवाखान्याचं ठरवताना ‘तुमच्याकडे किती टक्के सिझर होतात?’ एवढंच विचारू नका. त्या उत्तरानं तुमची दिशाभूल होईल. सिव्हिलला पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळपासून अडलेल्या बायका ऐन वेळी पाठवल्या जातात. त्यांच्यातल्या अनेकींना सिझर लागणारच, त्यामुळे तिथली टक्केवारी चढलेली दिसली तरी त्यावरून काही ठरत नाही. यावर एक चांगला उपाय निघाला आहे. मायकेल रॉब्सन नावाच्या डॉक्टरांनी २००१ साली बाळंतिणींचे दहा गट मांडले. पहिलटकरीण की आधी बाळंत झालेली, आधी सिझर झालंय का, बाळ एक की जुळं, डोकं खाली की पायाळू, दिवस पूर्ण भरलेत का, कळा आपोआप आल्या की औषधानं आणल्या, यावरून प्रत्येक बाईचा गट ठरतो. मग एका गटाची तुलना त्याच गटाशी करायची. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनाही हीच पद्धत वापरायला सांगते.

तुमची लेक, सगळं असंच राहिलं, तर पहिल्या गटात बसेल. तेव्हा डॉक्टरांना हे विचारा : “डॉक्टर, पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले आणि कळा आपोआप आलेल्या, अशा बायकांपैकी तुमच्याकडे साधारण किती जणींचं सिझर होतं?” प्रामाणिक डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत. आकडा तोंडपाठ नसला तरी ते बसून बोलतात, कुठल्या परिस्थितीत करतात ते सांगतात. ‘ते आमच्यावर सोडा’ एवढंच उत्तर आलं, तर मी दुसरा दवाखाना बघेन.

आणखी काही विचारून घ्या. रात्री कळा सुरू झाल्या तर दवाखान्यात कोण असतं? भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? रक्त लागलं तर कुठून येतं? बाळाचे डॉक्टर जन्माच्या वेळी येतात का? आणि कळा देताना लेकीजवळ एक माणूस थांबू देतात का? हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण यावर जगभरात अभ्यास झाले आहेत. पंधरा हजारांहून जास्त बायकांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये घेतला गेला. जिच्याजवळ कळांच्या सगळ्या वेळात धीर देणारं माणूस होतं, तिच्या सिझरची शक्यता सुमारे पाव हिश्श्यानं कमी झालेली दिसली. सरकारी दवाखान्यांतही बाळंतिणीजवळ जवळचं माणूस थांबू द्यावं असं केंद्राचं धोरण आहे. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात ते आहे. प्रत्यक्षात खाटांची दाटी, पडदे नाहीत, म्हणून नाही म्हणतात. तरी आधीच जाऊन विचारा. त्या खोलीत तुम्ही असाल तर ‘अजून किती?’ असं विचारत बसू नका. पाठ चोळा, पाणी द्या, तिला उभं राहू द्या, चालू द्या. आडवं पडून राहण्यापेक्षा चालण्यानं कळांचा पहिला टप्पा लवकर आटोपतो.

सिव्हिल, डफरीन की खासगी, याचं उत्तर या प्रश्नांच्या उत्तरांत आहे. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून नॉर्मल असो की सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे, तो तुमच्या लेकीचा हक्क आहे. तिला रक्तदाब, आकडीची लक्षणं, फार कमी दिवसांत कळा, असं काही झालं तर मी बिनदिक्कत सिव्हिल सांगेन, कारण मेडिकल कॉलेजचे डॉक्टर तिथं चोवीस तास असतात. सगळं सुरळीत असेल आणि आताचे डॉक्टर मोकळेपणानं बोलत असतील, तर फक्त शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून शेवटच्या महिन्यात दवाखाना बदलू नका.

कळा सुरू झाल्या की काय करायचं, हेही आत्ताच समजून घ्या, कारण निम्मी गडबड इथंच होते. पहिल्या बाळाच्या वेळी गर्भाशयाचं तोंड उघडायला सुरुवातीला खूप वेळ लागतो. जुन्या हिशेबानं दर तासाला एक सेंटीमीटर उघडलं पाहिजे असं मानत. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो हिशेब सगळ्या बायकांना लागू पडत नाही असं स्पष्ट केलं. खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा, आणि पहिलटकरणीला तिथून पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात, असं त्यांचं म्हणणं आहे. दोन-तीन सेंटीमीटरला दाखल झालेली बाई सगळ्यांना ‘अडलेली’ वाटायला लागते. मग सलाईनमधून कळा वाढवणं, मग ठोके बिघडणं, मग सिझर, अशी साखळी सुरू होऊ शकते. तुम्ही शहरातच राहता. हलक्या, अधूनमधून येणाऱ्या कळा असतील तर दवाखान्यात फोन करून घरी थांबता येतं. कळा दर चार-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या झाल्या की निघा. मात्र पाणी गेलं, रक्त दिसलं, हिरवट पाणी आलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, दिवस भरायच्या आत कळा आल्या, तर एक मिनिटही घरी थांबू नका.

आणि तिथं डॉक्टर म्हणाले, “ठोके पडताहेत, आत्ताच घ्यावं लागेल,” तर कॉरिडॉरमध्ये नातेवाइकांची सभा भरवू नका. नाळ बाळाच्या आधी बाहेर आली, वार सुटली, बाळाचे ठोके खाली जाऊन वर येईनात, तर मिनिटांचा प्रश्न असतो. सही करा. घाई नसेल, तेव्हा मात्र विचारा : नेमकं कारण काय? आणखी दोन तास थांबलो तर काय धोका आहे? थांबताना दुसरं काय करून बघता येईल? ‘बाळ मोठं वाटतंय’ हे कारण सांगितलं तर वजन किती ते विचारा, कारण सोनोग्राफीचं वजन दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. ‘उंची कमी आहे, वाट लहान आहे’ असं कळा सुरू व्हायच्या आधीच कुणी खात्रीनं सांगू शकत नाही.

विहीणबाईंच्या अक्षय्य तृतीयेबद्दल. तुमच्या हिशेबानं त्या दिवशी लेकीचे ३७ आठवडे जेमतेम भरतील. कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आत सिझर केलं, तर बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेत ठेवावं लागण्याची शक्यता वाढते. शेवटच्या आठवड्यांत फुप्फुसं पिकतात, आणि कळांमुळे फुप्फुसातलं पाणी आटायला सुरुवात होते. विहीणबाईंना हे तुम्ही सांगू नका, त्यात विहिणींचं मानपान येतं. जावयांना डॉक्टरांकडे बरोबर न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आपल्या आईशी त्यांनी बोलावं. दिवस चांगलाच आहे. त्या दिवशी बाळासाठी कपडे घ्या, पण बाळाला त्याच्या वेळेला येऊ द्या.

आता लेक. ताई, तिच्या बोलण्यावर तुम्ही रागावला असाल असं वाटतं. रागावू नका. ‘मला कळा सोसायच्या नाहीत’ असं म्हणणारी पोर आळशी नसते, घाबरलेली असते. कुणाचं ऐकून घाबरलीय ते तिला एकटीला विचारा. टाके, आतली तपासणी, लेबर रूममध्ये ओरडणं-हिडीसफिडीस, नक्की कशाची भीती आहे? तिला सांगा की कळा कमी करायचे उपाय आहेत. पाठीतून भूल देऊन वेदना कमी करता येतात, आणि त्यामुळे सिझरचं प्रमाण वाढत नाही. सोलापुरात काही ठिकाणी ही सोय मिळते, आधी विचारून ठेवावी लागते. पाठीत इंजेक्शन दिलं की जन्मभर कंबर दुखते, हे खरं नाही.

सिझरमध्ये कळा टळतात, दुखणं टळत नाही, हेही तिला सांगा. पोटाचे सात थर उघडून शिवलेले असतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी होणं, हे धोके कमी असले तरी नॉर्मलपेक्षा जास्त असतात. आणि तिला पुढे दोन-तीन मुलं हवी असतील तर आणखी एक गोष्ट महत्त्वाची : पुढच्या गरोदरपणात वार जुन्या वणावर चिकटून आत रुतण्याचा धोका प्रत्येक सिझरनंतर वाढत जातो, आणि ते जिवावर बेतू शकतं. हे सगळं ऐकून, समजून, डॉक्टरांशी बोलूनही तिला सिझरच हवं असेल, तर ३९ आठवडे भरल्यावर ते करून घेण्याचा निर्णय तिचा आहे. शरीर तिचं आहे. तो निर्णय तुमचा नाही, जावयांचा नाही, विहीणबाईंचा तर नाहीच नाही.

‘पोट फाडून पाठवली’ या बोलाला तुम्ही इतक्या घाबरलात, ते वाचून मला वाईट वाटलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, खर्च माहेरानं करायचा, जागरणं माहेरानं करायची आणि बोलही माहेरानंच ऐकायचे, ही रीत आता सोडायला हवी. सिझर झालं म्हणजे आईनं काळजी घेतली नाही, असा अर्थ होत नाही. तुमच्या स्वयंपाकात किंवा तुमच्या घरात त्याचं कारण नसतं. खर्चाचं जावयांशी आत्ताच उघड बोला. ऐन वेळी पैशांमुळे निर्णय अडला, असं होऊ नये.

सुनेबद्दलही दोन गोष्टी, कारण तिच्यासारख्या हजारो बायका ‘एकदा सिझर, कायम सिझर’ धरून बसतात. आधीचा गर्भाशयावरचा छेद खालच्या बाजूला आडवा असेल, तर अशा शंभरातल्या साठ ते ऐंशी बायकांना पुढच्या वेळी प्रयत्न केल्यावर नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं. टाका उसवण्याचा धोका असतो, साधारण दोनशेंमागे एक, म्हणून हा प्रयत्न चोवीस तास ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणीच करायचा. पोटावरचा टाका आडवा दिसतो म्हणून आतलाही आडवाच असेल असं नसतं, आणि म्हणून डिस्चार्ज कार्ड लागतं. सिझर का झालं आणि आतला छेद कसा होता, हे दोन्ही त्यावर लिहिलेलं असायला हवं. सुनेचं कार्ड शोधा. त्यावर नसेल तर त्या दवाखान्यातून लेखी मागून घ्या, आपल्या कागदांची प्रत मागण्याचा तिला अधिकार आहे.

लेकीचं सिझर झालंच, तर तिच्याही कार्डावर या दोन ओळी घेतल्याशिवाय घरी येऊ नका. आणि बाळाला पहिल्या तासात तिच्या छातीशी द्या. टाके आहेत, भूल उतरली नाही, दूध आलं नाही म्हणून मध, साखरपाणी किंवा वरचं दूध चाटवू नका. पहिला चीक थेंबभर असला तरी तोच पुरतो. परिचारिकेला बाळ धरायला मदत मागा.

एक काम या आठवड्यातच करा. लेकीची पुण्याची सगळी फाइल मागवा, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. बाळंतपणाची तारीख त्या सोनोग्राफीवरून सगळ्यात नेमकी कळते. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर दिसणारी तारीख दोन-तीन आठवडे पुढेमागे होऊ शकते, आणि चुकीच्या तारखेवरून ‘दिवस उलटून गेले’ म्हणत कळांचं औषध सुरू केलं जातं. जावयांना सांगा, येताना मूळ कागद आणायचे, मोबाइलवरचे फोटो नकोत.